स्तनपुनर्रचना : घाई नको, मनाईही नको

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-सत्रात केलेले भाषण)



आपल्या वार्षिक संमेलनात मुलामुलींचे शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्त्या व वधू-वर सूची ह्यांविषयी दरवर्षी विचारविनिमय होतो, आणि तो व्हावयासही हवा. आज मात्र कार्यकारी मंडळाने आम्हांस ज्या विषयावर बोलावयास सांगितले आहे, तो आपल्या घराघरांत येऊन बसलेला असूनही व्यासपीठावर कधी आलेला नाही. स्तनाच्या कर्करोगामुळे ज्या भगिनीचा स्तन काढून टाकावा लागतो, तिने तो पुन्हा घडवून घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर केव्हा, हा तो विषय होय. कोणास संकोच वाटल्यास आम्ही त्यांस दोष देत नाही. परंतु ह्या संकोचाची किंमत सभागृहास नव्हे, तर आजारी भगिनीस मोजावी लागते, म्हणून आम्ही आज स्पष्ट बोलणार आहो.

रोग विरळ नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आपल्या देशातील स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग तो हाच. आपल्याकडे स्त्रिया उशिरा दाखवावयास येतात, म्हणून संपूर्ण स्तन काढण्याची वेळही अनेकींवर येते.

येथे पहिली गोष्ट सांगितली पाहिजे ती अशी की, स्तनाचा कर्करोग म्हणजे स्तन गेलाच, असे समीकरण नाही. अमेरिकेतील शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर ह्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आणि त्याच रुग्णांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ साली, असे दिसून आले की योग्य रुग्णात केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्याने आयुर्मर्यादा संपूर्ण स्तन काढल्याइतकीच राहते. काही वेळा आधी औषधे देऊन गाठ लहान करता येते आणि मग स्तन राखता येतो. तेव्हा पुनर्रचनेचा प्रश्न येण्यापूर्वी ‘‘स्तन राखता येईल काय?’’ हा प्रश्न विचारावा. तो राखता येत नाही असे ठरले, म्हणजे आजचा विषय सुरू होतो.

गेलेला अवयव पुन्हा घडविण्याची कल्पना परकी आहे, असे कोणी समजू नये. कापलेले नाक पुन्हा जोडण्याचा विधी सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेची हकीकत छापली आहे. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर असता १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे एक वर्ष तो तसाच राहिला, आणि मग विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ती हकीकत वाचूनच पुढे १८१४ साली लंडनमध्ये कार्प्यू ह्या शल्यवैद्याने ती शस्त्रक्रिया केली.

ह्या हकीकतीतून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक म्हणजे, वर्ष उलटून गेल्यावरही अवयव घडविता येतो. दुसरी म्हणजे, कावसजीस कोणी ‘‘आता तुला नाकाचे काय काम?’’ असे विचारले नाही. नाक उघडे असते, ते गेलेले लोकांस दिसते. म्हणून ते पुन्हा करून घेणे समाजास मान्य होते. स्तन पदराखाली असतो, तो गेलेला फक्त त्या स्त्रीस दिसतो. म्हणून तिची इच्छा आपण ‘चैन’ म्हणून बाजूस सारतो. हा न्याय नव्हे.

आता शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. स्तन घडविण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात सिलिकोनचे रोपण छातीच्या स्नायूखाली अथवा त्वचेखाली बसवितात. कातडी अपुरी असेल तर प्रथम फुग्यासारखी एक पिशवी आत ठेवतात, काही आठवड्यांत तीत हळूहळू पाणी भरून कातडी ताणतात, आणि मग तिच्या जागी कायमचे रोपण ठेवतात. अशी रोपणे १९६२ पासून वापरात आहेत. ‘कायमचे’ हा शब्द मात्र बेताने घ्यावा, कारण काही वर्षांनी रोपण बदलावे लागण्याचा संभव असतो. खडबडीत पृष्ठभागाच्या काही रोपणांशी एका विरळ कर्करोगाचा संबंध आढळल्याने २०१९ साली तशी काही रोपणे जगभरच्या बाजारातून परत घेण्यात आली. म्हणून रोपण कोणत्या जातीचे आहे हे विचारावे आणि त्याचे कार्ड जपून ठेवावे.

दुसऱ्या मार्गात स्त्रीच्या स्वतःच्या पोटाची अथवा पाठीची त्वचा व चरबी, काही वेळा स्नायूसह, घेऊन स्तन घडवितात. ही शस्त्रक्रिया मोठी; पोटाचा भाग सोडवून त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडावयाच्या असतील तर ती कित्येक तास चालते. शरीरावर दुसरी जखम होते, आणि पाण्याचा हंडा उचलण्यासारखी कामे दीड-दोन महिने तरी वर्ज्य करावी लागतात. परंतु जो स्तन मिळतो तो आपल्याच मांसाचा असतो, वजनाबरोबर वाढतो-घटतो, आणि किरणोपचारानंतरच्या कातडीस अधिक मानवतो.

हे सर्व केव्हा करावे? ह्यास तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर, त्याच वेळी. स्तन काढला की त्याच भुलीत नवा घडवावयाचा. ह्यात वरची कातडी पुष्कळशी राखता येते, त्यामुळे आकार चांगला येतो. आणि शुद्धीवर आल्यावर छाती सपाट दिसण्याचा धक्का बसत नाही. उलट पक्षी शस्त्रक्रिया लांबते, जखमेत पू होणे, कातडी काळी पडणे असे उपद्रव वाढतात, आणि रोगाची बातमी कळल्यानंतरच्या सर्वांत अस्वस्थ दिवसांत हा निर्णय घ्यावा लागतो.

दुसरे उत्तर, मागाहून. सर्व उपचार संपले, शरीर सावरले, म्हणजे काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही. ह्यात विचारास वेळ मिळतो, आणि कर्करोगाचे उपचार निर्वेध पार पडतात. तोटा असा की कातडी गेलेली असते, दुसरी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि मधला काळ सपाट छातीने काढावा लागतो.

तिसरे उत्तर, कधीच नाही. हे हार मानल्याचे उत्तर नव्हे. अनेक स्त्रिया विचारपूर्वक तेच घेतात. पोलक्यात विणलेला किंवा सिलिकोनचा कृत्रिम स्तन घालतात, अथवा काहीच घालत नाहीत, आणि आनंदाने संसार करतात.

ह्या तिन्हींमध्ये निवड करताना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा किरणोपचाराचा आहे. किरणांनी उरलेले रोगकण मरतात, परंतु कातडीही आखडते व घट्ट होते. रोपणाभोवती शरीर एक आवरण तयार करते. किरणांमुळे ते अधिक कठीण होऊन रोपण दाबले जाते, वर सरकते, दुखते. अमेरिका व कॅनडा येथील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, किरणोपचार झालेल्या ज्या स्त्रियांनी रोपण घेतले होते, त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे ३९ जणींना दोन वर्षांत काही ना काही उपद्रव झाला. स्वतःच्या मांसाने स्तन घडविलेल्यांत हे प्रमाण सुमारे २६ होते. यास्तव किरणोपचार निश्चित असेल तर अनेक शल्यवैद्य आधी ते उरकून, कातडी निवळण्यास सहा महिने ते वर्ष देऊन, मग पुनर्रचना करण्याचा सल्ला देतात. काही ठिकाणी मधला मार्ग म्हणून प्रथम नुसती फुग्याची पिशवी ठेवून कातडी राखतात आणि पुढचे काम मागाहून करतात.

येथे एक अडचण आहे. किरणोपचार लागेल की नाही, हे काही वेळा शस्त्रक्रियेनंतर काखेतील गाठींचा तपासणी-अहवाल आल्यावरच कळते. गाठ मोठी असेल किंवा काखेतील चार अथवा अधिक गाठींत रोग पोहोचला असेल तर किरणोपचार बहुधा लागतोच. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांस विचारावयाचा मुख्य प्रश्न हा : ‘‘किरणोपचार लागण्याचा संभव किती?’’ ह्या उत्तरावर पुढचे बरेचसे अवलंबून आहे.

दुसरा मुद्दा केमोथेरपीचा. ती शस्त्रक्रियेनंतर द्यावयाची असेल तर काही आठवड्यांत सुरू झाली पाहिजे. त्याच वेळी केलेल्या पुनर्रचनेने ती सामान्यतः फारशी लांबत नाही, असे अनुभवांती दिसले आहे. परंतु जखम चिघळली तर लांबू शकते. ज्या भगिनीस असा उपद्रव होण्याची भीती अधिक, तिने मागाहूनचा मार्ग धरणे शहाणपणाचे. अनियंत्रित मधुमेह, अतिस्थूलता आणि तंबाखू ही त्या भीतीची तीन मोठी कारणे. तंबाखू म्हटल्यावर आपल्या भगिनी म्हणतील, ‘‘आम्ही कोठे विड्या ओढतो?’’ परंतु मशेरी ही तंबाखूच आहे. तिच्यातील निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि नव्याने बसविलेल्या कातडीस रक्त पोहोचत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे मशेरी सोडलीच पाहिजे, आणि ती चालू असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

काही गैरसमज दूर करणे जरूर आहे. पूर्वी वडीलधारी मंडळी ‘‘दोन-चार वर्षे जाऊ द्या, रोग उलटत नाही असे पाहा, मग करा’’ असे सांगत. एके काळी डॉक्टरही तसेच सांगत, कारण नव्या स्तनाखाली रोग लपेल अशी त्यांस भीती होती. ती भीती पुढील अनुभवाने खरी ठरली नाही : पुनर्रचनेने रोग उलटण्याचे प्रमाण वाढत नाही, आणि उलटल्यास तो ओळखण्यास सहसा उशीर होत नाही. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१८ साली अशी सूचना दिली आहे की, ज्या स्त्रीस स्तन काढण्याचा सल्ला दिला जातो, तिला त्याच वेळची व मागाहूनची, अशा दोन्ही प्रकारच्या पुनर्रचनेची माहिती द्यावी. मग ती अखेर काहीही निवडो. काही विशिष्ट प्रकारांत, उदाहरणार्थ सबंध स्तन लाल होऊन सुजतो अशा दाहक कर्करोगात, थांबण्याचाच सल्ला बहुधा मिळतो.

अवास्तव आशाही नको. घडविलेल्या स्तनास पूर्वीची संवेदना सहसा परत येत नाही, त्यातून दूध येत नाही, आणि तो हुबेहूब जुळेलच असे नाही; जुळविण्यासाठी दुसऱ्या स्तनावरही शस्त्रक्रिया करावी लागू शकते. स्तनाग्र मागाहून करतात अथवा गोंदवून घेतात. एका शस्त्रक्रियेत सर्व आटोपते असे कोणी सांगितल्यास ते पूर्ण सत्य नव्हे.

आता तीन भगिनींची कल्पना करू. पहिली अडतीस वर्षांची आहे. रोग अगदी प्रारंभीचा, परंतु स्तनात अनेक ठिकाणी पसरलेला. काख स्वच्छ दिसते, किरणोपचाराचा संभव कमी. तिची इच्छा असेल तर त्याच वेळी पुनर्रचना करणे सयुक्तिक होय. दुसरी सेहेचाळीस वर्षांची, मधुमेह असलेली. काखेत रोग पोहोचलेला. तिने प्रथम उपचार पुरे करावेत, साखर आटोक्यात आणावी, आणि वर्षभराने पुन्हा विचार करावा; परंतु ‘‘पुढे करता येईल’’ हे तिला आजच कळले पाहिजे, म्हणजे ती मधले वर्ष निराशेत काढणार नाही. तिसरी त्रेसष्ट वर्षांची, शेती सांभाळणारी. ती म्हणते, ‘‘मला दुसरी जखम नको, पेरणीच्या आत कामाला लागायचे आहे.’’ तिचा निर्णय योग्य आहे. पण कृपा करून असे समजू नका की तो तिच्या वयामुळे योग्य आहे. त्रेसष्ट वर्षांची दुसरी भगिनी ‘‘मला पाहिजे’’ म्हणाली, आणि प्रकृती साथ देत असेल, तर तिचाही निर्णय तितकाच योग्य होय. केवळ वय ही मनाई नव्हे.

बंधुभगिनींनो, खरा पेच वैद्यकाचा नसून घराचा आहे. रुग्णालयाच्या ओसरीवर आम्ही दोन प्रकारची कुटुंबे नेहमी पाहतो. एका घरी दीर-भावजया म्हणतात, ‘‘जीव वाचला ना? आता ह्या वयात हे कशाला?’’ दुसऱ्या घरी नेमके उलट; सासरचे म्हणतात, ‘‘ताबडतोब करून टाका, बाहेर कोणास कळता कामा नये; घरात लग्नाच्या मुली आहेत.’’ एका घरी मनाई, दुसऱ्या घरी घाई. दोन्हींत साम्य एकच : जिचे शरीर, तिला कोणी विचारलेले नसते. ती खोलीत पडून असते आणि निर्णय ओसरीवर होतो.

मुलींच्या लग्नाविषयीची भीतीही बहुतांशी निराधार आहे. हा रोग संसर्गजन्य नाही, आणि शंभरांपैकी सुमारे पाच ते दहा रुग्णांतच तो आनुवंशिक दोषाने होतो. जेथे तसा संशय असेल तेथे तपासणी करून घेणे मुलींच्या हिताचे आहे, आणि लपविण्याने तीच राहून जाते. वधू-वर सूची चालविणाऱ्या आपल्या मंडळाने ही गोष्ट जाहीरपणे सांगितली, तर एखाद्या मातेचा उपचार लग्नाच्या चिंतेने अडणार नाही.

पतीवर्गासही आमचे दोन शब्द आहेत. ‘‘मला काही फरक पडत नाही’’ हे आपण प्रेमाने म्हणता, आणि ते ऐकून तिला धीरही येतो. परंतु त्या वाक्यावर बोलणे संपवू नका. फरक आपल्याला पडत नसेल, तिला पडत असेल. पुढचा प्रश्न विचारा : ‘‘तुला काय वाटते?’’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ते लगेच येणार नाही.

पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. आरोग्य विम्यात सौंदर्योपचार वगळलेले असतात, म्हणून हा खर्च मिळणार नाही अशी अनेकांची समजूत आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळलेल्या बाबींची जी प्रमाणित शब्दरचना ठरविली, तीत अपघात, भाजणे अथवा कर्करोग ह्यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीबाहेर ठेवली आहे. तेव्हा पॉलिसी उघडून वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. सर्व गावी प्लॅस्टिक सर्जन नसतात, हेही खरे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय, जे १९४१ पासून ह्या रोगाशी झुंजत आहे, तेथे पुनर्रचनेचा विभाग आहे. ज्यांस आरंभीच मुंबई-पुणे शक्य नाही, त्यांनी कर्करोगाची शस्त्रक्रिया जवळच्या सक्षम रुग्णालयात वेळेवर करावी आणि पुनर्रचना मागाहून मोठ्या शहरी करावी. पुनर्रचनेच्या सोयीसाठी मूळ उपचार महिनेमहिने लांबविणे सर्वथा अयोग्य.

आणि आता मंडळास एक विनंती. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून ‘जीवरक्षक’ उपचारांसच मदत देण्याची वहिवाट आहे. तुटलेल्या पायास कृत्रिम पाय बसविण्यासाठी आपण मदत देतो; त्याने जीव वाचत नाही, पण मनुष्य उभा राहतो. स्तनपुनर्रचना आणि ज्यांस ती नको त्यांच्यासाठी कृत्रिम स्तन, ह्या दोन्ही गोष्टी त्याच न्यायाने निधीच्या कक्षेत याव्यात, अर्ज महिला सभासदांच्या लहान समितीकडे जावेत आणि अर्जदार भगिनीचे नाव अहवालात छापले जाऊ नये, असा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे यावा, अशी आमची सूचना आहे.

शेवटी, स्मरणात ठेवण्यासारखे चार प्रश्न सांगतो. घरी कागदावर लिहून ठेवावेत. माझा स्तन राखता येईल काय? नसल्यास, किरणोपचार लागण्याचा संभव किती? माझ्या प्रकृतीस कोणता मार्ग मानवेल, आणि उपद्रव झाल्यास पुढचे उपचार किती लांबतील? आज नको म्हटले, तर पुढे करता यावे म्हणून आज काय राखून ठेवता येईल? हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारावयाचे आहेत. रोगाचे निदान झाल्यावर एक-दोन आठवडे विचारविनिमयात गेले तर सामान्यतः बिघडत नाही. तेवढ्या काळात प्लॅस्टिक सर्जनची एक भेट होऊ शकते.

तात्पर्य इतकेच की, कर्करोगाच्या उपचारास विलंब नको, आणि प्रश्न विचारण्यास विलंब नको. उत्तरास मात्र हवा तितका वेळ असू द्या. आज, वर्षाने अथवा कधीच नाही, ह्यांपैकी जे उत्तर ती भगिनी समजून उमजून देईल, ते बरोबर. त्या उत्तराच्या पाठीशी तिचे घर आणि आपला समाज उभा राहावा, अशी आमची प्रार्थना आहे.